बोटीची बस की बापसाची गाडी

॥ श्री ॥
मुळगाव, डिचोली
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धी हिस आजीचे अ. उ. आ.

इकडे माणसे, गुरे, माड सगळे जागच्या जागी आहे. फोनवर मला तुझे अर्धे ऐकू येते आणि उरलेल्या अर्ध्यात बोटीचे यंत्र घरघरते, म्हणून कागदच बरा. मी तिसरी शिकलेली बाई, अक्षराला हसू नकोस. तुझी आवय सुविधा या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तुला धाडील. तू हातानेच लिही, ती डिचोलीच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून आणते.

तुझ्या बापसाने चार दिवस तोंड फुगवलेय. वीस वर्षे मुरगाव बंदरावर पर्यटकांची बोट लागली की हा कृष्णनाथ गाडी धुऊनपुसून गेटाबाहेर उभा. आणि आता त्याचीच मुलगी निळा कोट घालून बोटीत काउंटरवर बसते आणि लोकांना सांगते, आमच्याच बसने गोवा बघा, बाहेरच्या गाडीत बसाल तर तुमचे तुम्ही. काल बांगड्याचे हुमण वाढले तर म्हणाला, भूक नाही. मग दोनदा मागून घेतले. म्हणजे दुखणे पोटाचे नाही, मानाचे आहे.

खरे काय ते कळव. बोटीच्या बसमधली माणसे उशिरा आली तर बोट थांबते म्हणे, आणि आपल्या आपण गेलेली उशिरा आली तर दोर सोडून चालू लागते. हा कसला न्याय गो? म्हापशाची बससुद्धा धावत येणारी बाई दिसली की ब्रेक मारते.

जेवतेस ना वेळेवर? फोटोत गळ्याचे हाड दिसते.

तुझी आजी,
कमलाक्षी


मस्कत बंदर
९ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हाड नाही ते, कोटाची कॉलर आहे. तुझा चष्मा बदलायला हवा.

बाबांना सांग, मी कुणालाही भीती घालत नाही. बसमधली माणसे बोटीने नेलेली, त्यांची जबाबदारी बोटीची, म्हणून त्यांच्यासाठी थांबतात. आपणहून गेलेल्यांचे तसे नाही. गेल्या महिन्यात दोघेजण बाजारात रमले आणि धक्क्यावर येऊन बोटीची पाठ बघत राहिले. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने विमानाने आले. बसमध्ये चाळीस माणसे गाइडच्या एका बावट्यामागून चालतात, देऊळ वीस मिनिटे, मसाल्याची बाग चाळीस मिनिटे. बाबांच्या गाडीत मन मानेल तिथे उतरता येते. दोन्हीत सुख आहे आणि दोन्हीत दुःख, हेच मी सांगते.

आता एक गोष्ट, ती गावभर करू नकोस. बोटीवर ग्वेन नावाची एक म्हातारी बाई आहे. नवऱ्याच्या हातात काठी, हिचे गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. तिला बावट्यामागून धावायचे नाही, एक गाव निवांत बघायचे आहे. मी तिला बाबांचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. काउंटरवरच्या माणसाने बाहेरचा गाडीवाला सुचवायचा नाही, असा इथला कडक नियम आहे, आणि तो माझा बाप निघाला तर विचारूच नकोस. ती दोघे मागे राहिली तर चिठ्ठी कुणाची ते निघेल आणि मला पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवतील.

बोट २२ तारखेला मुरगावला लागेल. पाच वाजता सुटणार. बाबांनी त्या दोघांना आपल्याच घरी आणावे, पण अडीचला त्यांना मुळगावातून हलवायचेच. मला बाहेर पडायला मिळणार नाही, दिवसभर यादी घेऊन गेटावर उभी असेन. गोव्यात येऊन घर दिसायचे नाही, याला काय म्हणावे?

तुझ्या शिव्यांना पात्र,
सिद्धी


॥ श्री ॥
मुळगाव
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धी हिस आजीचे आ.

बापसाला चिठ्ठीची गोष्ट सांगितली. एकदम उभा राहिला आणि गाडीच्या सीटा धुवायला काढल्या. मला म्हणाला, पोर शेवटी माझीच. मी म्हटले, नियम मोडताना तुझी, नियम सांगताना कोणाची?

पाव्हण्यांना उकड्या तांदळाचा भात, कमी तिखटाचे खतखते आणि सोलकढी देणार. तिचे गुडघे गेलेले म्हणतेस, म्हणून जमिनीवर नाही, कदेलावर पाठ टेकवून बसवीन आणि वाढीन. ते मला शिकवू नकोस.

आता तुझ्या आवयचे ऐक. पेडण्याचे ते बँकेतले स्थळ अजून उत्तराची वाट बघतेय. बोट सोडून तू त्याला होकार द्यावास का, असा देवीला कौल लावायचा तिचा हट्ट आहे. आणि तोसुद्धा २२ तारखेलाच. तिचे म्हणणे असे की मुलगी मस्कतच्या पाण्यात असताना विचारले तर देवीचा अंमल तिथवर पोचतो की नाही कोण जाणे. मुरगावात असलीस म्हणजे हद्दीत आलीस. मला हसू आले, पण उलटे काय बोलणार?

बाबली गुरव सकाळी दहाला देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावील. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. अकराला मोकळे, बाराला जेवण, अडीचला गाडी. तू निर्धास्त राहा.

दिलेल्या शब्दाची,
कमलाक्षी


कोची बंदर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा आज नाही.

निर्धास्त राहा म्हणालीस. साडेचारला मी गेटावर आपणहून गेलेल्यांची यादी घेऊन उभी, दोन नावांपुढे खूण नाही. बाबांचा फोन लागेना. पावणेपाचला साहेबाने विचारले, ही दोघे कोणाबरोबर गेली? मी म्हटले, बाहेरच्या गाडीने. पाच वाजले. माझ्या यादीतले बाकीचे सगळे वर गेले आणि धक्क्यावर मी आणि एक कुत्रा.

पण बोट हलेना. मग कळले, आमचीच बस, तीच बावट्याची, चाळीस माणसांची, पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकली होती. बोट तिच्यासाठी थांबलेली. पाच वाजून दहा मिनिटांनी बाबांची गाडी धूळ उडवत आली, आणि बस त्यानंतर पंधरा मिनिटांनी. बाबांनी उतरून बसच्या ड्रायव्हरकडे असे पाहिले की मी मान फिरवली. आता हे ते मरेपर्यंत सांगतील.

ग्वेनबाईला साहेबाने गाडीवाला कुठे मिळाला विचारले, तर ती शांतपणे म्हणाली, मीच शोधला. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वाचले मी.

बाबांना दोन मिनिटे भेटले. त्यांनी नेवऱ्यांचा डबा हातात कोंबला, कोट बरा दिसतो म्हणाले आणि घाईने गाडीत बसले. उशीर का झाला ते सांगेनात. ग्वेनबाई एवढेच म्हणते की एका फुलाची वाट बघत बसलो होतो, आणि तुझी आजी फार धीराची बाई आहे. आजी, तू काय केलेस? आणि देवीने काय सांगितले?

नेवऱ्या दोनच उरल्यात, त्यावरून राग किती ते ओळख.

सिद्धी


॥ श्री ॥
मुळगाव
दि. २९ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धी हिस आ.

रागावलीस ते बरोबर. चूक माझी आहे, पण पूर्ण ऐकून घे आणि मग ओरड.

बाबली दहाला यायचा तो सव्वाबाराला आला. तेव्हाच पुढे ढकलायला हवे होते. तुझ्या आवयने डोळ्यांत पाणी आणले आणि मी मऊ झाले, जे मी सहसा होत नाही. पाव्हणी जेवून आली ती देवळातच. तिला समजावले की देवीला विचारलेय, उत्तर येईपर्यंत कोणी उठायचे नाही. ती म्हणाली, मग मीही थांबते. कदेल मागवले. तिचा नवरा खांबाला टेकून घोरू लागला.

पाकळ्या हलायला तयार नाहीत. एक वाजला, दोन वाजले. अडीचला तुझ्या बापसाने बाहेरून किल्ली वाजवली. तुझ्या आवयने माझा पदर धरून ठेवलेला. कौल अर्धा टाकून उठलेले माणूस या गावात मी जन्मात पाहिले नाही. तीन वाजून गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर तू धक्क्यावर उभी दिसू लागलीस, हातात यादी घेऊन. मग मी उठले. देवीला सांगितले, तुला वेळ आहे, बोटीला नाही. बाई आपल्या आपण आलेली आहे, तिच्यासाठी कोणी थांबायचे नाही. माझ्या नातीच्या पोटावर पाय नको. बाबली ओरडला की दोष लागेल. मी म्हटले, लागेल तो मला लागू दे, माझे आता उरलेय किती. पाव्हणीला उठवले, तिच्या नवऱ्याला हलवून जागे केले आणि दोघांना गाडीत घातले. डबा मागून फेकला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मागून बाबलीची हाक आली. पाकळी पडली होती.

कुठली, ते त्याने एकट्याने बघितले. मी तिथल्या तिथे बजावले की कोणापाशी तोंड उघडायचे नाही. तुझी आवय आठ दिवस त्याच्या दारात नारळ नेऊन बसते आहे, पण तो मला घाबरतो. मला स्वतःला ऐकायची उत्सुकता नाही असे नाही. पण उत्तर तुझे आहे. बँकेतल्याने वाट बघावी, नाहीतर दुसरी बघावी.

फेब्रुवारीत सुट्टी आहे म्हणालीस, तेव्हा ये. बापूस गाडी घेऊन विमानतळावर येईल, बावटा नाही. बाबलीला जाऊन स्वतः विचार. वाटले तर विचारूही नकोस आणि परत बोटीवर जा. येताना उशीर झाला तर जेवण थंड होईल, त्याहून जास्त काही नाही. या घराला दोर नाहीत गो, सोडून जाणार कुठे?

डबा परत आण, तो सुविधाचा आहे.

वाट बघते म्हणणार नाही अशी,
तुझी आजी कमलाक्षी