आठ आठवडे होईपर्यंत

१० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नव्या जागी रुळलीस, बरं वाटलं. मी मजेत आहे. तुझी आई गेल्यापासून शिवलेलं बघून नाक मुरडायला कोणी नाही, म्हणून दुकान लवकर बंद करतो. दिवसभर शिलाई मशीनशी बोलतो. तेही हल्ली कुरकुर करतं.

खरी बातमी वेगळीच. बेकरीच्या मागच्या बोळात, एका खोक्यात कुत्री व्यायली आहे, चार पिल्लं. शेपटीला पांढरं टोक असलेलं माझं. उद्याच आणतो. बेकरीवाला म्हणतो, अजून डोळेही धड उघडले नाहीत, कसली घाई? त्याचं काय जातंय, त्याच्या घरी जेवायला सात माणसं बसतात!

लोभ आहेच, तो चार ओळींतून कळत राहू दे.

तुझे बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न.

उद्याच आणतो म्हणे! बाबा, जरा दम धरा. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. निदान आठ आठवडे पिल्लू आईजवळच हवं. किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं, हे ते आईकडून आणि भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. लवकर तोडलं तर भित्रं होतं. तोवर घरातलं एखादं कापड त्यांच्या खोक्यात ठेवा. आईचा वास लागलेलं कापड सोबत असलं की पिल्लू नव्या घरात रडत नाही.

आणि पिल्लू घरी आणायच्या दिवशी मी येणार. अगदी नक्की!

तब्येत सांभाळा, माझ्यावर माया असू द्या.

तुमची ठकू

२० मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

रागावू नका. सुट्टी मिळत नाही. साहेबांना दोनदा विचारलं. पिल्लू तुम्हीच घेऊन या. मी पुढे कधीतरी येईनच. माया पातळ करू नका.

ठकू

२७ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रागवायचं काय त्यात, वेडाबाई? नोकरी आहे.

ठरल्या दिवशी गेलो. बाकीची तीन पिल्लं आधीच लोकांनी नेली होती. खोक्यात मी तुझ्या आईची शाल ठेवली होती. दुकानात चिंध्यांना तोटा नाही, पण हात शालीकडेच गेला. पिल्लू काखोटीला मारलं आणि शाल ओढायला गेलो, तर कुत्री शालीवरून उठेना. गुरगुरली नाही की काही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझा पायच निघेना. म्हटलं, चल बाई, तूही चल. शाल उचलली तशी मुकाट्याने मागोमाग आली. बेकरीवाला हसला, हसू दे.

तुझ्या डॉक्टरांचं खरं निघालं, पिल्लू शालीवर गाढ झोपतं. त्याची आई मात्र संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसते. रस्त्यावर खुट्ट झालं की कान टवकारते. मीही तिच्याशेजारी खुर्ची टाकतो. तुझ्या खोलीतली चादर बदलून ठेवली होती, ती तशीच आहे.

पिल्लाला आठ आठवडे पुरतात, हे कळलं. आईला किती लागतात, तेवढं त्या डॉक्टरांना विचारून कळव. लोभ आहेच.

तुझे बाबा