पायरीवरचा लाल आकडा

१४ जुलै, सोमवार

शिनोली मागे पडली आणि तोंडात हिरड्याची चव आली. ताजबी आणि मी तिच्या आजीच्या दुकानाच्या पायरीवर बसून हिरडे चघळायचो. जीभ तुरट होऊन आवळली की एकाच पितळी तांब्यातून पाणी प्यायचं. हिरड्यावर साधं पाणीसुद्धा साखरेसारखं गोड लागतं. पायरीवर सर्वेवाल्यांनी लाल रंगात ७०४ लिहिलं होतं. धरणाचं पाणी त्या उंचीला आलं की दुकान जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही त्या आकड्यावर ठिकऱ्या खेळत होतो.

तेव्हा मी बारा वर्षांची. टायफॉइडमधून उठले म्हणून पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून घरी पाठवलेली. वडील इथे ओव्हरसियर होते. आज सत्तेचाळीस वर्षांनी धरणाच्या त्याच कॉलनीत परत आले आहे. पाणीपातळीच्या जुन्या वह्या संगणकावर उतरवायचं तीन महिन्यांचं काम. क्वार्टर उंचावर आहे, खिडकीतून सगळा जलाशय दिसतो, खाली वीजघराची घरघर. पेटीतून ताजबीचा तांब्या काढून खिडकीत ठेवला. तिला परत द्यायचा राहून गेला होता. शेजारच्या रामनाथच्या बायकोने पिठलं-भाकरी पाठवली. दोनदा मागून घेतलं. फार बरं वाटतंय.

१५ जुलै

रामनाथ इथला मोजणीदार. धरण दोन जिल्ह्यांचं. डावा कालवा आमचा, उजवा पलीकडच्यांचा. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून पहिल्यापासून एक रीत आहे. सकाळी आठला आमचा माणूस पाण्यातली उंचीची पट्टी वाचून आकडा मोठ्याने सांगतो, ही हाक. त्यांचा माणूस स्वतः पट्टी बघून तोच आकडा परत सांगतो, हे उत्तर. मग वहीत दोन रकान्यांत दोन सह्या. उत्तराशिवाय आकडा खरा धरत नाहीत.

पलीकडची जागा दोन वर्षं रिकामी आहे. आता सेन्सरही बसवलाय. तरी रामनाथ रोज धरणाच्या भिंतीवर उभा राहून हाक देतो. कशाला, विचारलं तर म्हणाला, "सवय हो बाई. आमची म्हस बी हाक मारल्याबिगर दूध देत न्हाई, ह्यो तर येवढा मोठा तलाव हाय."

१८ जुलै

नळाचं पाणी गोड लागतंय. रामनाथ हसला, म्हणाला साखर तपासून घ्या, लई पावण्यांना इथं आल्यावरच कळतं. तांब्या राखेने घासला. तरी गोडच.

१९७८ ची वही उघडली. वडिलांचं तिरकं अक्षर. डोळे भरून आले.

२१ जुलै

जुन्नरला जाऊन आले. ताजबीच्या घरचे जुन्नरला गेले, तिचं चांगल्या घरी लग्न झालं, असं वडील सांगत. मी पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. इतकी वर्षं मी तिच्यावर रुसून होते.

तिचा भाऊ रहमतुल्ला आता खाटेवर असतो. त्याच्या मुलाने, जुबेरने, चहा दिला आणि म्हणाला, "सत्तेचाळीस वर्षांनी चौकशी? लई लवकर आलात, मॅडम." मग सांगितलं. ३ ऑगस्टला सामानाची गाडी घेऊन रहमतुल्ला पुढे निघाला. हिरड्याची शेवटची पोती बांधायला आजी आणि ताजबी मागे राहिल्या. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. कचेरीच्या फळ्यावर पातळी ७०२ लिहिलेली. दोन मीटर हातात आहेत म्हणून दुपारी निघू म्हणाल्या. पण पाणी मागच्या ओढ्याने आधीच दाराशी आलं होतं.

दोघी सापडल्या नाहीत. सरकारी यादीत नावांपुढे शिक्का आहे: स्थलांतरित.

वडिलांचा फोटो मी भिंतीवरून काढून पालथा ठेवला आहे.

२४ जुलै

पान सापडलं. ३ ऑगस्ट १९७८: ७०२.१०. दुसऱ्या दिवशी एकदम ७०४.६०. एका दिवसात अडीच मीटर पाणी चढत नाही. तीन तारखेचा आकडा पट्टीवर जाऊन वाचलेलाच नाही.

कचेरीतल्या साहेबांना सांगितलं. बिस्कीट चहात बुडवत ते म्हणाले, आहे तसं टाइप करा. त्या वर्षीच्या भरण्यावर दोन जिल्ह्यांचे वाटे ठरलेत, दोन्हीकडच्या सह्या आहेत, एक आकडा हलला तर उद्या कोर्ट. मी म्हटलं, एक मुलगी बुडाली. ते म्हणाले, रेकॉर्डला ती स्थलांतरित आहे.

हातातला कप त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. कॉन्व्हेंटने एवढंच शिकवलं.

२८ जुलै

सकाळी रामनाथबरोबर भिंतीवर गेले. त्याने हाक दिली: सातशे अकरा वीस.

उत्तर आलं.

पाण्याकडून. मुलीच्या आवाजात. मी म्हटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी दिलेलाच आकडा परत देतो. हा आवाज म्हणाला, सातशे चार.

रामनाथ पायांकडे बघत म्हणाला, "वारं हाय, बाई."

३० जुलै

आता हाक न देताच उत्तर येतं. रोज जवळून. आज नळाच्या मोरीतून.

माझ्या पायरीवर लाल आकडा. ७०४. ओला. क्वार्टर सातशे एकतीसवर आहे — इथे तो कोण लिहील? रॉकेलने घासला. हात लाल झाले, आकडा गेला नाही.

तांब्या रात्री उपडा ठेवते. सकाळी भरलेला असतो.

१ ऑगस्ट

रामनाथ बायकोला घेऊन बहिणीकडे कळंबला गेला. "तुमी बी चला," म्हणाला. नाही. मी जाणार नाही. कुणीतरी त्या पानाचा जाब दिलाच पाहिजे.

पान पुन्हा पाहिलं. भिंगाने. हाकेच्या रकान्यात वडील. उत्तराच्या रकान्यात कुंडलिक, तेव्हाचा पलीकडचा माणूस. पण अक्षर —

गोल. सुटं. एका रेषेत. सिस्टर ल्यूसीने छडी घेऊन घोटून घेतलेलं.

माझं.

पाऊस होता. कुंडलिक आलाच नव्हता. वडिलांना भिजायचं नव्हतं. कचेरीच्या खिडकीत उभं राहून त्यांनी कालच्या आकड्यात थोडं मिळवलं. मला म्हणाले, मंगल, खेळ आहे, मोठ्याने परत म्हण. मी म्हटलं. खणखणीत. मग त्यांनी सांगितलं ते नाव लिहिलं. लिमलेटची गोळी मिळाली.

तिने उत्तर दिलं नाही म्हणून मी रुसले होते. उत्तर मी दिलं होतं.

३ ऑगस्ट

पाऊस नाही. अंगणात पाणी.

१९७८ ची वही — जुबेरला, जुन्नर. पान फाडू नये. कुंडलिकचं नाव खोडून मी माझं लिहिलं आहे, दोन्ही नावं वाचता येतात.

वडिलांचं पेन — साहेबांना. त्यांच्या कामाचं आहे.

टाइप केलेले कागद — कुणाला नाहीत. जाळा.

तांब्या — रहमतुल्लाभाईंना. पाणी ओतू नका. ते —

आठ वाजले. पायरीवर कुणीतरी बसलंय. पाठमोरी. दोन वेण्या. शेजारी जागा ठेवली आहे.

हाक तिची. आज मी पट्टी बघून, नीट बघून, उत्तर देणार. सातशे चा