टाचेखालची शेवटची पाचर

१४ डिसेंबर

बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो. पण वेळ होता.

पावसाळा संपता संपता, शाळेतून परतताना अड्याळजवळ तलावाच्या बांधावर माझी स्कूटर बंद पडली. ढकलत चढवत होतो, तेवढ्यात टाचेच्या वर कुणी मागून दगड मारल्यासारखं झालं. "कोण आहे रे?" म्हणून ओरडत वळलो, तर मागे कुणीच नाही. पाण्यात बगळे तेवढे उभे होते. टाचेची मोठी नस तुटली होती. भंडाऱ्याला ऑपरेशन करून तुटलेली टोकं शिवली. शिवणीवर ताण येऊ नये म्हणून आधी पाऊल खाली वळवून प्लास्टर, मग लांब बूट आणि त्यात टाचेखाली रबरी पाचरी. एकेक पाचर काढत जायची, म्हणजे टाच हळूहळू जमिनीला टेकते. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. फक्त शेवटची पाचर काढली नाही. "शिवण पक्की आहे," डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले, "आता चालला नाहीत तर पोटरी वाळेल. बूट सोडा." मी मान हलवली आणि घरी येऊन शेजाऱ्याला सांगितलं, डॉक्टर अजून थोडे दिवस बूट ठेवा म्हणाले.

हा शेजारी राईस मिलमध्ये मेकॅनिक आहे. ऑपरेशनपासून रोज संध्याकाळी डबा आणतो आणि माझं जेवण होईपर्यंत खुर्ची ओढून बसतो. "मास्तर, तुमचा पाय हाय का सरकारी रोड? काम चालूच हाय!" म्हणतो, मालकाच्या नकला करतो. त्याआधी फाटकाशी मान हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. तो गेल्यावर मी डब्याची झाकणं लावतो, तेवढाच घरात आवाज.

मी चौथीत असेन. खाणीच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर. बोट चेचलेला एक मजूर रोज येतो आहे. बायको वारलेली, खोलीत एकटा. बोट केव्हाच भरलंय. तरी तुम्ही ते पुसता, सावकाश पट्टी बांधता, त्याच्या गावच्या धानाचं विचारता. तो गेल्यावर मी म्हणतो, "बाबा, जखम त भरली ना. मंग पट्टी काहून बांधता?"

"पट्टीसाठी थोडीच येते तो."

मला हसू येतं. तुम्ही कात्री खाली ठेवता. "हासू नोको. तुले नाही समजत."

आता समजतं. पण त्या माणसाशी स्वतःची तुलना करून मी सुटका तर करून घेत नाही ना? त्याच्या पट्टीसाठी कुणाला चूल पेटवावी लागत नव्हती. इथे शेजाऱ्याची बायको दिवसभर धान कापून येते आणि माझ्यासाठी जास्तीचा भात शिजवते. आज डबा ठेवताना तो म्हणाला, "घरची विचारते, मास्तरले कायचं लोणचं आवडते?" खरं बोलायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "आंब्याचं."

तो गेल्यावर बूट सोडला, पाचर काढली. दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या. उजवी एखाद्या म्हाताऱ्याची वाटते. भिंत धरून उभा राहिलो. टाच टेकली, दुखलं नाही. थोडं तरी दुखायला हवं होतं, असं वाटलं.

उद्या: डबा आता पुरे, असं शेजाऱ्याला सांगणे.