हैबत पैलवानचा तेविसावा अंक

२ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी डायरी, नवा संकल्प. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आता समाजासाठी काहीतरी करणार म्हणजे करणारच. 'हैबत पैलवान' या चित्रकथेचे बावन्नच्या बावन्न अंक एका ग्रंथात काढायचे. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं.
१९७९ ते ८६ सगळं कोल्हापूर हैबत वाचत होतं. न्हाव्याकडं, तालमीत, दवाखान्यात नंबर लावून. आज कुणाकडं एक अंक सापडायचा नाही. सगळ्यांच्या भडंगाच्या पुड्या झाल्या. माझ्याकडं मात्र अख्खा संच. पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलीत. कागद सांभाळायला मला कुणी शिकवू नये.
मुदत: गुढीपाडवा. रूपालीला (पत्नी) सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

५ जानेवारी
उचगावला मीरासाब चाचांकडं गेलतो. हैबतची सगळी चित्रं यांच्या हातची. वय एक्क्याऐंशी. लेक सबिनाकडं राहतात. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं थोडंफार दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळीपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या, गेलेली नजर ऑपरेशननं परत येत नाही.
त्यांच्याकडं एकही अंक नाही. नदीकाठचं घर २०१९ च्या पुरात छपरापर्यंत बुडालं. चित्रं, ब्रश, लग्नाचा फोटो, सगळ्याचा चिखल झाला. चाची, म्हणजे मेहमुदा, वीस वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा तो एकच फोटो होता. पण तेविसाव्या अंकात, चौदाव्या पानावर, घाटावर जखमी हैबतला पाणी पाजणारी बाई आहे. ती म्हणजे चाची. समोर बसवून काढलेली.
चाचा म्हणाले, "बाळासो, तेवढं एक पान दाव की. ग्रंथाचं तुझं तू बघ."
मी म्हटलं, एक पान काय घेऊन बसलाय, अख्खा ग्रंथ हातात देतो, पाडव्याला. त्यांनी चहाचा कप चाचपत खाली ठेवला. भारावले असणार.
घरी येऊन तेविसावा अंक काढला. पान आहे. अंक परत पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंक कपाटात.

१९ जानेवारी
सूरजच्या डीटीपीच्या दुकानात गेलो. पोरगं हुशार, पण घाई फार. म्हणतो, काका, मधल्या दोन पिना काढा, पानं सुटी करा, अंकाला अर्धा तास लागतोय. महिन्यात स्कॅनिंग संपवतो.
पिना काढा म्हणे! पिना ओरिजनल आहेत. तेविसाव्या अंकाच्या तर १९८२ साली छापखान्यात मारलेल्या. पिना काढलेला अंक हा अंक नसतो, रद्दी असते. हे समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेकडं वळला.
वरून फोटो घेणारं मशीन असतं म्हणे, अंक पूर्ण उघडावा लागत नाही. त्याची चौकशी करणार. सोमवारी.

११ फेब्रुवारी
प्रस्तावना सुरू आहे. ४१ पानं झाली. हैबत अजून आलेला नाही, पण माझं बालपण संपत आलंय. सगळी पायाभरणी आहे.
मशीनची चौकशी: सोमवारी.

३० मार्च, गुढीपाडवा
ग्रंथ निघाला नाही. विचारपूर्वक थांबवला. पाडव्याला सगळेच काहीतरी प्रकाशित करतात, त्या गर्दीत हैबत चेंगरला असता. नवी मुदत: १ मे. महाराष्ट्र दिन. जास्त शोभतं.

३१ मार्च
ईद. सबिनानं डबा भरून शीरखुर्मा आणून दिला. जाता जाता म्हणाली, काका, त्या पानाचा मोबाईलवर एक फोटो काढून पाठवा, मी मोठा करून अब्बांना दाखवते.
बसवून शांतपणे समजावलं. एवढ्या मोठ्या चित्रकाराचं चित्र वीतभर स्क्रीनवर बघायचं, हा त्यांचाच अपमान. शिवाय फोटो एकदा मोबाईलवर गेला की गावभर फिरणार. ग्रंथात मग नवीन काय राहिलं? तिनं डबा उचलला. मोकळाच परत नेला. आपल्यात डबा मोकळा देत नाहीत, पण रूपाली बाजारात गेली होती, माझा काय दोष.

४ मे
महाराष्ट्र दिन होऊन गेला. लाईट नव्हती.

२१ मे
आज भरपूर काम झालं. हातमोजे घालून (रूपालीचे, भांड्याचे) सगळे अंक अर्धवट उघडून तपासले. पूर्ण उघडले तर कणा मोडतो. चित्रकाराच्या चुकांची यादी केली. हे आजवर कुणी केलेलं नाही. एकूण ६३ चुका.
नमुना म्हणून: अंक ४, हैबतच्या हाताला सहा बोटं. अंक ११, बैलाला तीनच पाय (चौथा मागं असू शकतो, पण वाचकानं का समजून घ्यायचं?). अंक २३, पान १४, बाईच्या उजव्या कानात झुबा आहे, डाव्या कानात नाही. डावा कान स्पष्ट दिसतो, म्हणजे विसरले. वयानं नव्हे, तेव्हा चाचा तरुण होते. कामाच्या घाईत राहिलं असणार.
सूरजला सांगून दुरुस्त करून घ्यावं. चाचांना आनंद होईल.

६ जुलै
पाऊस. पंचगंगा चढतेय. हवेत ओल असताना जुने अंक बाहेर काढणं हा गुन्हा आहे. सप्टेंबरपर्यंत ट्रंक उघडणार नाही, शपथ. याला मी दिरंगाई म्हणत नाही, जतन म्हणतो.
प्रस्तावना पान ९७. हैबतचा पहिला उल्लेख आला! ओझरता.

१७ जुलै
उचगाव. पायरीवर चप्पल काढत होतो. चाचा म्हणाले, कोण, बाळासो का. आवाजावरनं ओळखलं. चांगले डोळे असलेली माणसंपण आवाजावरनं ओळखतात, काळजीचं कारण नाही.
चाचांनी ग्रंथाचं विचारलं नाही. पानाचंच विचारलं. मी कागदाच्या जाडीबद्दल बोललो. सबिनानं चहा ठेवला आणि चहा संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. मी निघताना म्हणाली, आता त्यांना ताटातली भाजी दिसत नाही, काका. भाकरी दिसते.
गाडीवर येताना वाईट वाटलं. खूपच. म्हणून प्रस्तावनेत चाचांवर एक परिच्छेद घातला.

८ सप्टेंबर
कल्पना सुचली. आपण एवढे दिवस कुठं होतो कळत नाही.
ग्रंथ होईल तेव्हा होईल. आधी चाचांचा जाहीर सत्कार! कोल्हापूरनं सत्कार कुणाचा केला नाही? इथं नगरसेवकाच्या भाच्याला दहावीत पंचावन्न टक्के पडले तरी फेटा बांधतात. मग ज्यानं हैबत काढला त्याला का नको? स्टेजवर आठ बाय सहाचा डिजिटल फलक, त्यावर पान चौदाची बाई. मोठी केलेली, रंगवलेली, दुरुस्त केलेली. एवढं मोठं चाचांना डाव्या डोळ्यानं नक्की दिसणार. मोबाईल, मोबाईल काय करताय!
खाली उजव्या कोपऱ्यात संकल्पक म्हणून माझा फोटो. लहानच.

२९ सप्टेंबर
सूरजनं अर्धवट उघड्या अंकाचा फोटो घेतला. पिना शाबूत. मग कॉम्प्युटरवर चाचींना रंग दिला, साडी हिरवी, आणि उजव्या कानातला झुबा कॉपी करून डाव्या कानात बसवला. तो एकदा म्हणाला, काका, चाचांना विचारूया का? मी म्हटलं, सरप्राईज असतं ते, विचारून करतात का.
झकास दिसतंय. माझा फोटो थोडा मोठा करून घेतला, तोल साधायला.

१२ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०
सत्कार झाला. दणक्यात. चाळीसएक माणसं. अध्यक्षांना हैबत म्हणजे कुणी खरा पैलवान वाटला, पण भाषण जोरदार केलं.
चाचांना भगवा फेटा बांधला. डोक्याला सैल झाला, डाव्या डोळ्यावर यायचा, सबिना सारखा वर करत होती. मग मी स्वतः त्यांना हाताला धरून डिजिटलपाशी नेलं. म्हटलं, चाचा, बघा. चाची.
नाक टेकेल इतके जवळ गेले. हात फिरवला. कपाळ, हनुवटी, मग डावा कान. तिथं बोट थांबलं. बराच वेळ. टाळ्या चालू होत्या. मग हळू म्हणाले, "ही ती न्हवं."
आणि खुर्चीत जाऊन बसले. फेटा काढून मांडीवर घेतला.
भारावले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाची बघायची सवय नाही.

१३ ऑक्टोबर
सबिनाचा फोन. आवाज चढवला नाही, त्यामुळं मधे बोलायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या वर्षी चाची नदीवर कपडे धूत होत्या. डावा झुबा पाण्यात गेला. सासू म्हणाली, दुसरापण काढून ठेव, बरं दिसत न्हाय. चाची म्हणाल्या, एक हाय की. आणि शेवटपर्यंत एकच घातला. अब्बांनी तशीच काढली होती, म्हणाली. त्यांना तोच कान बघायचा होता.
एवढं मला आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी...
पण पान तर मी आधीच दाखवायला हवं होतं, असं ही म्हणाली. म्हणजे रूपाली. मी गॅसचा नंबर लावायला घेतला.

१४ ऑक्टोबर, सकाळी ५.४५
उद्या ओरिजनल अंक घेऊन उचगावला जाणार. काही झालं तरी.

१५ ऑक्टोबर
सर्दी. चाचांना या वयात संसर्ग नको.

२६ ऑक्टोबर
दिवाळी आवरली. पाहुणे गेले. मी जात का नाही, हे रूपालीनं तीनदा विचारलं. तिला सांगितलं, योग्य पिशवी मिळत नाही.
खरं कारण इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मला तोंड दाखवायला नको वाटतंय.

९ नोव्हेंबर
प्रस्तावना आज वाचून काढली. १४४ पानं. चाचांवरचा परिच्छेद पान ११२ वर आहे, सात ओळी. त्यातल्या तीन ओळींत मी त्यांना कसा भेटलो ते आहे.

१६ नोव्हेंबर, दुपारी
सकाळी ट्रंक उघडली. तेविसावा अंक काढला. हातमोजे घातले नाहीत. सुरीच्या टोकानं पिना उकलल्या. दोन्ही गंजलेल्या, निघताना कागदाला तांबडे डाग पडले. लागली किती? दोन मिनिटं. वेळ बघितली होती. चौदाव्या पानाचा कागद सुटा केला आणि वहीत घालून उचगावला गेलो.
सबिनानं दार उघडलं. म्हणाली, नजर दिवाळीच्या आठवड्यातच गेली. आता उजेडपण कळत नाही. आत जा.
चाचा पलंगावर भिंतीला टेकून बसलेले. मी बोललो नाही तरी म्हणाले, बाळासो. पानाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याचा वास घेतला. बोटांनी कडा चाचपल्या. तांबड्या डागापाशी अंगठा थांबला, कशाचा डाग ते त्यांना कळलं नाही, मी सांगितलं नाही.
मग म्हणाले, "कशी दिसतीय?"
मी एकशेचव्वेचाळीस पानं लिहिलीत. मी म्हटलं, चांगली दिसतेय.
"डाव्या कानात काय हाय?"
"काही नाही," मी म्हटलं. "कान मोकळा आहे."
"हां," चाचा म्हणाले. "मग तीच."
कागद मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवून बसले. हसत होते. पान उलटं धरलेलं होतं, चाची डोकं खाली करून. सरळ करावं म्हणून मी हात पुढं केला आणि मागं घेतला. सबिना चहा घेऊन आली, तिनं बघितलं आणि पान तसंच राहू दिलं.
चहा संपल्यावर निघालो. कागद तिथंच ठेवला. संच आता पूर्ण नाही.