मासे सोडण्याआधी

प्रिय बाबा,

आज सकाळी टाकीतलं पाणी तपासलं. माशांना घातक अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. सदतीस दिवस बिनमाशांची चालवलेली टाकी एकदाची तयार झाली. तुमची नात मुक्ता, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, चपला घालून दारात उभी राहिली. "चल ना आई, मासे आणू." माझं पाऊल काही उचलेना. तिला थांब म्हटलं आणि लिहायला बसले. दहा वर्षं जे बोलले नाही ते आज बोलायचं आहे.

आठवतं का, चंदनसारच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तुम्ही ती दोन फुटी काचेची टाकी आणलीत? रेती धुतलीत, पंप लावलात, पाणी भरलंत, आणि मासे मात्र आणले नाहीत! वर रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचात. आई म्हणायची, "कोणाला जेवू घालताय? पितरांना?"

तुम्ही शांतपणे सांगायचात, "अगं, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पचवणारे बारीक जीव आधी टाकीत वस्तीला यायला हवेत. हे खाणं कुजतं ते त्यांच्यासाठी. महिना-दीड महिना लागतो. मग मासे." मी म्हणायचे, "मासे आणायलाही मुहूर्त काढलाय का बाबा?" किती फटकळ होते मी!

टाकीला आठवडा होत नाही तोच तुमच्या छातीत दुखलं. बायपास झाली. त्या धावपळीत टाकीत खाणं टाकायचं कोणाला सुचणार? तुम्ही घरी यायच्या आदल्या संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या दुकानातून चार गोल्डफिश आणले आणि सोडले. तुम्ही दारातून आत आलात की समोर मासे दिसावेत, एवढंच मनात होतं. खरंच, एवढंच होतं बाबा.

तुम्ही खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिलात. मग विचारलंत, "मी नसताना खाणं टाकत होतीस का गं?"

"कुठलं! इथे जेवायला वेळ नव्हता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "छान आहेत." का नाही रागावलात? "शुभे, घाई केलीस" एवढं तरी म्हणायचंत!

आठ दिवस झाले, दहा झाले, मासे मजेत. मी ऐटीत म्हटलंसुद्धा, "बघा, काही झालं का? तुमचं आपलं उगाच." तुम्ही नुसते हसलात.

घरी आल्याला अठरा दिवस झाले आणि तुम्ही गेलात. त्यानंतर चौथ्या दिवशी चारही मासे पाण्यावर तरंगत होते. आलेगेले हळहळले, "मुके जीव, मालकामागे गेले." मलाही ते खरं वाटलं. बरंसुद्धा वाटलं.

तेराव्याला दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अगो, तू दुपारची जरा पडलीस की तुझे हे खालच्या पाण्याच्या टाकीवरून अर्धी बादली पाणी घेऊन वर जायचे. रोज. दर जिन्याला थांबायचे. मी म्हटलं, द्या इकडे. तर म्हणाले, माशांचं पाणी बदलायचंय, तेवढाच व्यायाम होतो."

वर नळाला सकाळी अर्धा तास पाणी. त्यात घरचंच भागत नसे. आणि डॉक्टरांनी तुम्हाला साधी कळशीही उचलू नका म्हणून बजावलेलं. आई म्हणाली, "माशांच्या खुळापायी जीव दिला ह्या माणसाने." टाकी तिने भंगारवाल्याला दिली. आजही तुमचा विषय निघाला की ती म्हणते, "हट्टी माणूस. माझा विचार केला नाही."

मी गप्प राहिले. तुम्ही रोज पाणी का बदलत होतात, हे त्या घरात फक्त मला कळलं होतं. विष पातळ करत होतात. मी आणलेले मासे मरू नयेत, मला वाईट वाटू नये, म्हणून! मी नंतर जाऊन विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बादल्यांमुळेच झालं असं सांगता येत नाही. त्या एका वाक्याला धरून मी इतकी वर्षं काढली. पण त्या वाक्याने तुमच्यावरचा आळ काही गेला नाही.

थोडा राग तुमच्यावरही आहे. हाक मारायचीत ना मला! संध्याकाळी घरी आल्यावर चार बादल्या मी आणल्या असत्या. तुमचा ओरडा खाल्ला असता आणि दोन दिवसांत विसरलेही असते. मला जपायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

रविवारी आई यायची आहे. तोवर मासे आणायचे नाहीत, असं मुक्ताला सांगितलंय. ती रुसली आहे, रुसू दे. आईला समोर बसवून सांगेन की टाकी तयार नसताना मासे आणायची घाई माझी होती, आणि तुम्ही ती निस्तरत होतात. ती कदाचित कित्येक दिवस माझ्याशी बोलणार नाही. चालेल मला. दहा वर्षं तिला तुमच्यावर रागावून रडावं लागलं. आता तिला नुसतं रडता येईल. एवढं मी नक्की करते, बाबा.

तुमची,
शुभा