ड्रायव्हरची गळती बंद झाली

पाली, मंगळवार संध्याकाळ

झालं एकदाचं! दीड महिना डोकं खाणारी गळती आज बंद झाली.

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, एकाच वेळी दोन प्रोसेस (चालू प्रोग्राम) वापरतात, एक मुख्य आणि एक दुय्यम. दुय्यम बंद झाली तरी तिनं घेतलेली मेमरी सुटायची नाही. दरवेळी थोडी अडकून राहायची आणि शेवटी मशीनच बंद पडायचं. पहिल्या खेपेला मी घाईघाईत सगळंच मोकळं केलं, दोघींच्या सामाईक मेमरीसकट. मुख्य प्रोसेस चालू असतानाच कोसळली. आमचा कोड तपासणाऱ्या मॅडमनी काम परत पाठवलं. लई लाज वाटली. टीममधला समीर म्हणाला, "रोज रीस्टार्ट मार ना. कोण बघतंय?" मी बघत होते ना! कसं सोडणार?

आता प्रत्येक प्रोसेस जाताना फक्त स्वतःचं सोडते, सामाईक ते मुख्य प्रोसेस शेवटी सोडते. आज हजार वेळा उघडबंद केलं. अडकलेली मेमरी शून्य. विश्वास बसेना, पुन्हा चालवलं. शून्यच!

दुपारी मॅडमचं उत्तर आलं, "स्वीकारलं." घरी आबांना, माझ्या वडलांना, स्क्रीन दाखवली.

"ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. आबांनी एकेक इंग्रजी अक्षर जुळवत वाचलं आणि मधेच थांबले. "आगं, हे तर माझं नाव हाय."

"मग? मी पूर्ण नाव लिहिते, आबा."

आबा उठले. चप्पल घालून शेजारच्या काकांना बोलवायला गेले.