आरशातला गुडघा

धाड गाव, गुरुवार, संध्याकाळ

परवा मोटारसायकल चालवण्याची वरच्या पातळीची परीक्षा. पास झालो तर गाडी शिकवायची नोकरी पक्की. मागे माणूस बसवून विटांमधून आठचा आकडा काढायचा. आज सरावाला कोणी बसेना, शेवटी विलासलाच, धाकट्या भावाला, बसवलं.

परीक्षेला आरसे लागतात. तेही आजच लावले. नवी गाडी घरी आली त्याच दिवशी मी ते काढून टाकले होते. इथे सगळेच काढतात. म्हणून तर वळताना मागचा टेम्पो मला दिसला नाही, त्याची धडक बसली आणि माझ्या मागे बसलेल्या विलासचा गुडघा कायमचा ताठ झाला.

आज डाव्या आरशात सारखा तोच गुडघा. नजर तिकडे गेली की माझा पाय जमिनीला टेकायचा, म्हणजे नापास.

"पाय आत घे नं बे!" ओरडलो. मग आठवलं, तो वाकतच नाही. माफी नाही मागितली. काऊन नाही मागितली, कोण जाणे.

विलासच हळू बोलला, "दादा, आरसा बाहेर फिरव. त्यात मागचा रस्ता दिसाले पाह्यजे, माहा पाय नाही."

फिरवला. गुडघा गेला. आठ एका दमात निघाला! गाडी स्टँडवर लावली आणि आनंदात टपरीवर जाऊन चहा प्यायलो.

विलास तसाच गाडीवर. त्याला धरून उतरवावं लागतं.